हॉइट बारफील्डचा ट्रान्झिस्टर

नेल्डा बारफील्डचे केस दर शुक्रवारी मीच सेट करते. माझ्या खुर्चीत बसली की ती डोळे मिटते आणि मी बडबडते. माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या बाकीच्या बायका स्वतःच इतकं बोलतात की माझी पाळीच येत नाही, म्हणून नेल्डा मला आवडते. आमची घरं समोरासमोर, शाळा एक, चर्च एक. तेव्हा तिच्याबद्दल मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. आमच्या गावात ऐकीव गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत.

गाव म्हणजे हॅचर्ड, अलाबामातलं. हॅचर्ड म्हणजे टॅलमॅज कॉलेज, आणि टॅलमॅज म्हणजे कोच बर्ल मॅडॉक्स. फुटबॉलच्या मैदानात हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर तुटून पडणारी पोरं त्यांनी तयार केली, एवढंच खरं तर त्यांचं काम. पण ते वारले त्याला जमाना झाला तरी आमच्याकडे त्यांचं नाव निघालं की म्हातारे टोपी काढतात. बर्ल नावाची माणसं गावात इतकी आहेत की रस्त्यात हाक मारली तर निम्मा रस्ता वळून बघतो. शरदातल्या शनिवारी इथे कुणी लग्न काढत नाही, बाप्तिस्मा ठेवत नाही. टायरच्या दुकानातून मिळालेलं सामन्यांचं वेळापत्रक प्रत्येक घरात फ्रिजवर चिकटवलेलं असतं, आणि कसलीही तारीख ठरवायची म्हटलं की बाई आधी फ्रिजकडे बघते, मग नवऱ्याकडे. कोल्टर कॉलेजशी सामना असेल त्या शनिवारी तर पेट्रोल पंपसुद्धा बंद. तुमचं काय ते पेट्रोल तुम्ही शुक्रवारी भरायचं.

आणि नेल्डानं आईचा दफनविधी नेमका त्या शनिवारी ठरवला.

पोरीची शाळा तेव्हा नुकती संपली होती. आई मंगळवारी सकाळी गेली. काही आजार नाही, बिजार नाही, स्वयंपाकघरात उभी होती ती खाली बसली, आणि संपलं. हॉइट, म्हणजे नेल्डाचा बाप, ओसरीवर एक बूट पायात आणि एक हातात घेऊन बसला तो उठेचना. कुणीतरी जायला हवं होतं, म्हणून नेल्डा गेली. अंत्यविधीची व्यवस्था बघणारे मिस्टर पेटस, त्यांनी कुठला दिवस म्हणून विचारलं. तिच्या डोक्यात एकच, की जॉर्जियाहून मावश्या शुक्रवारपर्यंत पोचतील. ती म्हणाली, शनिवार, दुपारी. पेटसनी पुन्हा विचारलं. जरा थांबून तिसऱ्यांदा विचारलं, "नक्की ना, पोरी?" ती हो म्हणाली. आता ज्या मुलीची आई त्या सकाळी गेली आहे तिला ते बापडे काय सांगणार, की बाई गं, माझ्याकडे तिकिटं आहेत? त्यांनी तारीख पक्की केली आणि तिकिटं मेव्हण्याला दिली. मेव्हण्याच्या तोंडून ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

पण तिला सांगितलं कुणी? कुणी नाही. आमच्याकडे दुःखाच्या घरी जेवण घेऊन जायचं असतं, बोलायचं नसतं. चिकन कॅसरोल आले, हॅम आलं, मसाला भरलेली अंडी आली, केळ्याचं पुडिंग आलं. फ्रिजचं दार लागेना. प्रत्येक बाईनं भांडं आत सरकवताना दारावरचं वेळापत्रक बघितलं असणार, आणि प्रत्येक बाई मूग गिळून घरी गेली. माझी आईसुद्धा. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला हॉइट म्हणाला, "उद्या कोल्टरशी आहे." तेवढंच बोलला, आणि काटा उचलला. नेल्डाला तेव्हा कळलं. तोवर थडगं खणून झालं होतं.

शनिवारी चर्च निम्मं रिकामं होतं. शवपेटी उचलणाऱ्या सहांपैकी दोघांनी आपल्या जागी आपले भाऊ पाठवले होते. जे आले होते त्यांना आपण आलो याचा मोठा अभिमान होता, आणि तो दिसत होता. हॉइटच्या काळ्या सुटाच्या खिशात ट्रान्झिस्टर होता आणि त्यातून निघालेली वायर कॉलरवरून कानात गेली होती. कुणी बघितलं नाही असं नाही. सगळ्यांनी बघितलं, आणि पुरुष मंडळी हळूहळू त्याच्या बाजूला सरकली.

पुढचं सगळं अलाबामा जाणतं. कबरीपाशी ब्रदर टिलमन, म्हणजे आमचे तेव्हाचे पाद्री, डोळे मिटून प्रार्थना म्हणत होते. पेटी दोरांवर खाली चालली होती. सामन्याची शेवटची मिनिटं, टॅलमॅज मागे. आणि हॉइट एकदम आकाशाकडे तोंड करून म्हणाला, "देवा, तुझे उपकार!" ब्रदर टिलमनना वाटलं, दुःखाच्या भरात नवऱ्यानं देवाला हाक मारली. ते मोठ्यांदा म्हणाले, "आमेन!" त्यांच्यामागे आम्ही सगळे म्हणालो, "आमेन!" मग हॉइटनं कमरेशी हात धरून बोटांनी आकडा दाखवला, आणि पुरुषांच्या रांगेतून असा सुस्कारा गेला की सांगता सोय नाही. बायबल मिटून ब्रदर टिलमन त्याच्याकडे आले, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि कानाशी लागून विचारलं, "किती?"

मी नेल्डाच्या मागे उभी होते. तिची मान मला दिसत होती, चेहरा नाही.

गोष्ट न्हाव्याच्या दुकानातून निघाली ती थेट कोच मॅडॉक्सपर्यंत गेली. रविवारी टीव्हीवर त्यांचा कार्यक्रम असायचा, त्यात ते वेताची हॅट मांडीवर ठेवून आदल्या दिवसाच्या सामन्याबद्दल बोलायचे. पुढच्याच रविवारी त्यांनी ती सांगितली. नाव हॉइटचं घेतलं, पूर्ण घेतलं. "त्याची बायको" एवढंच बायकोचं. मग म्हणाले, असे लोक पाठीशी असल्यावर आम्ही हरणार कसे. झालं! हॉइट बारफील्ड मोठा माणूस झाला. सही केलेला फोटो आला, तो दिवाणखान्यात लागला. लोक गाड्या घेऊन दुसऱ्या गावांहून यायचे, ओसरीवर बसायचे, उकडलेल्या शेंगा फोडायचे आणि म्हणायचे, मिस्टर हॉइट, सांगा ना. हॉइट आढेवेढे घ्यायचा आणि सांगायचा. कुठे थांबायचं ते त्याला बरोबर कळलं होतं. "आमेन"च्या आधी तो चहाचा घोट घ्यायचा. तो बर्फ घातलेला गोड चहा नेल्डा आणून ठेवायची, जाळीच्या दारापाशी उभी राहायची आणि ग्लास रिकामे झाले की घेऊन जायची.

म्हातारा वाईट नव्हता, हे मी त्याच्या तोंडावरही सांगितलं असतं. बायको, लोरीन, गेल्यावर काय बोलावं ते त्याला सुचलंच नाही. ही गोष्ट हाताशी आली आणि तो तिला धरून बसला. पण मरेपर्यंत धरून बसला त्याचं काय? त्या घरात लोरीनबद्दल दुसरा शब्द निघाला नाही. तिचे कपडे मावश्या घेऊन गेल्या. तिचा विषय निघाला की तो पुढच्याच वाक्यात कबरीपाशी पोचायचा आणि समोरचा हसायला सुरुवात करायचा.

नेल्डा प्राथमिक शाळेच्या जेवणघरात कामाला लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. जाळीची टोपी, मोठा डाव, आणि पोरांच्या ताटात मटार. कार्लटन नावाचा एक विमा एजंट तिला मागणी घालत होता. स्वभावानं गरीब, पण शिकलेला कोल्टरला. हॉइटनं नाही म्हटलं नाही, फक्त कार्लटन आला की टीव्हीचा आवाज वाढवायचा. कार्लटन यायचा थांबला. मी तिला विचारलं, तुला काही वाटत नाही का गं, बाई आहेस की दगड? ती म्हणाली, दाताचा डॉक्टर इंजेक्शन देतो ना, मग गाल आपलाच असतो पण आपला वाटत नाही, तसं आहे. कधीपासून, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

हॉइट पिकल्या वयात गेला. त्याचा दफनविधी मी स्वतः फ्रिज बघून ठरवला. सोमवार. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ब्रदर टिलमननंतर आलेल्या पाद्र्यानंही वेदीवरून तीच गोष्ट सांगितली. गर्दी खदखदून हसली. नेल्डानं रुमाल काढला नाही, घडी तशीच हातात होती.

मग कॉलेजच्या संग्रहालयानं कोच मॅडॉक्सचं नवीन दालन काढायचं ठरवलं. त्यांची हॅट, त्यांची शिट्टी, त्यांचं टेबल, ज्या खुर्चीत ते गेले ती खुर्ची, असं सगळं जमवून झालं होतं, आणि एक कोपरा निष्ठावंत चाहत्यांसाठी राखला होता. त्यात हॉइटचा ट्रान्झिस्टर हवाच हवा. ब्रिन नावाची एक तरुण मुलगी नेल्डाकडे आली. पोरगी चांगली होती, मॅडम-मॅडम करत होती, नेल्डाच्या हातचा केक तिनं दोनदा मागून घेतला. पण ट्रान्झिस्टर समोर आल्यावर तिनं पर्समधून पांढरे हातमोजे काढून घातले तेव्हा मला हसू आवरेना. तो डबा आमच्यासमोर इतकी वर्षं टोस्टरशेजारी पडलेला असायचा.

नेल्डा म्हणाली, घेऊन जा. पण पाटीवर माझ्या आईचं नाव पाहिजे.

ब्रिन म्हणाली, का नाही, नक्की. आणि आठवड्यानं तिचा फोन आला, की मिस नेल्डा, समितीचं म्हणणं असं की पाट्या छोट्या असतात, माणूस चालता चालता वाचतो, तेव्हा "पत्नीच्या दफनविधीला" एवढं पुरेसं आहे. नेल्डा म्हणाली, मग रेडिओ मिळणार नाही. फोन तिनं माझ्या पार्लरमध्ये घेतला होता, डोक्याला रोलर लावलेले होते. मी कंगवा हातात धरून उभीच राहिले. तिनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, स्वतःच्या बापाला नाही, त्या कार्लटनला नाही.

त्यानंतर सगळं गाव तिच्या खनपटीला बसलं. समितीतला दातांचा डॉक्टर घरी येऊन गेला. पाद्री येऊन गेला. म्हणाला, सिस्टर, कोचच्या कामात आडकाठी कशाला. माझ्या खुर्चीत बसून बायका मला विचारायच्या, काय अडलंय तिचं, एवढा मोठा मान मिळतोय तर. मी एकीचे केस जरा जास्तच जोरात ओढले, ते चुकून नव्हतं. नेल्डाला मी विचारलं, समज नाव लागलं नाही तर? तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "ओझेल, तिचं नाव शेवटचं कुणी घेतलं ते मला आठवत नाही. मीही घेत नाही. पाटीवर असलं तर कुणीतरी वाचेल, आणि वाचलं की विचारेल. मग मला सांगता येईल."

तिला तेवढंच हवं होतं. रेडिओशी तिचं देणंघेणं नव्हतं, फुटबॉलशी तर नव्हतंच. कुणीतरी विचारावं आणि तिनं सांगावं.

शेवटी समितीनं ऐकलं. ब्रिननं बाजू मांडली असणार, मी म्हटलं ना, पोरगी चांगली होती. मोसमातला पहिला सामना दुसऱ्या दिवशी होता, तेव्हा शुक्रवारी दुपारी दालन उघडायचं ठरलं. मी सकाळीच नेल्डाचे केस केले, इतके सुंदर केले की मलाच माझं कौतुक वाटलं. तिनं निळा ड्रेस घातला. गाडीत ती दोनदा म्हणाली, हात गार पडलेत. मी म्हटलं, एसी कमी करू? ती म्हणाली, नको, गार पडलेत ते कळतंय तर बरं वाटतंय.

दालनात ही गर्दी. टॅलमॅजच्या नारिंगी रंगानं डोळे दिपत होते. वेताच्या हॅटसमोर रांग, खुर्चीसमोर रांग, एक माणूस खुर्चीसमोर गुडघे टेकून फोटो काढून घेत होता. आम्ही सगळं ओलांडून कोपऱ्यात गेलो. काचेच्या पेटीत, मखमलीवर, वरून दिवा सोडलेला, असा ट्रान्झिस्टर ठेवला होता. वायर नीट वेटोळं करून. खाली पाटी: हॉइट बारफील्ड यांचा ट्रान्झिस्टर. पत्नी लोरीन बारफील्ड यांच्या दफनविधीत उभे राहून त्यांनी कोल्टरविरुद्धच्या सामन्याचा शेवट यावर ऐकला.

लोरीन बारफील्ड. ठसठशीत अक्षरात. नेल्डानं पर्स माझ्याकडे दिली आणि काचेवर, नावाच्या बरोब्बर वर, बोट ठेवलं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण पेटीशेजारी एक बटणही होतं. एका माणसानं ते दाबलं. त्या दिवसाचं समालोचन सुरू झालं, समालोचकाचा आवाज फाटला, चेंडू रेघेपार गेला, मैदान गरजलं. माणूस पाटी वाचत हसला आणि पुढे गेला. मग एक जोडपं आलं, त्यांनी बटण दाबलं, हसले, "बिचारी लोरीन" म्हणाले आणि पुढे गेले. नेल्डा तिथेच उभी. मला चीड आली होती. मी म्हटलं, चल, बघितलंस ना, खाली सँडविचेस ठेवलीत. ती म्हणाली, थांब.

आणि मग ती बाई आली. आमच्याहून म्हातारी, काठी टेकत, नारिंगी स्वेटर, कुठल्याशा लांबच्या गावची. तिनं पाटी सावकाश वाचली. बटण दाबलं नाही. बाजूला उभ्या नेल्डाकडे बघून म्हणाली, तुम्ही यांच्या कुणी का? नेल्डा म्हणाली, मुलगी. त्या बाईनं काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात नेल्डाच्या दंडावर ठेवला.

"कशी होती हो तुमची आई?"

विचारलं! कुणीतरी एकदाचं विचारलं. नेल्डानं तोंड उघडलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, या खेपेला मी समोर होते. तिचे ओठ हलले, डोळे काचेकडे गेले, नावाकडे गेले, परत आले. बाई हात न काढता थांबून राहिली, तिला घाई नव्हती. आणि नेल्डा म्हणाली, "आई मंगळवारी गेली. मी काय केलं, शनिवार ठरवला."

आजूबाजूचे दोघं-तिघं वळले. नेल्डा पुढे सांगत गेली. पेटसनी तीनदा विचारलेलं, फ्रिजचं न लागणारं दार, काळा सूट, खिसा, वायर. आणखी माणसं जमली. तिचा आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता, पण एकही शब्द जागचा हलला नव्हता, सगळे हॉइटचे. "देवा, तुझे उपकार" आलं, आणि त्याच्यापुढे ती थांबली, चहाच्या एका घोटाएवढी थांबली, मग म्हणाली, "आमेन". कोपरा हास्यानं फुटला. "किती?" वर तर एकानं टाळ्या वाजवल्या. ती म्हातारी बाईसुद्धा हसली, डोळे पुसत हसली, तिनं दंड थोपटला आणि म्हणाली, देव तुमचं भलं करो, किती छान सांगता हो. आणि काठी टेकत हॅटच्या रांगेकडे गेली.

सँडविचेस आम्ही खाल्ली नाहीत. गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली पण फिरवली नाही.

"तिनं आई कशी होती ते विचारलं," नेल्डा म्हणाली.

मी म्हटलं, हो.

"मला दुसरं काही आठवलंच नाही, ओझेल. मला वाटलं होतं, नाव लागलं की बाकीचं आपोआप येईल."

मी तिचा हात धरला. गार नव्हता, गरम नव्हता. लोरीनला मी रोज बघत होते, समोरच्या अंगणात, माझं सगळं लहानपण. काहीतरी द्यायला हवं होतं तिला, म्हणून मी डोकं खाजवलं, जुनं नवं सगळं उलटंपालटं केलं, आणि एक सापडलं. मी म्हटलं, "कपडे वाळत घालताना तुझी आई शिट्टी वाजवायची."

नेल्डा माझ्याकडे वळली. कित्येक वर्षांत तिला मी असं कशाकडे बघताना बघितलं नव्हतं.

"कुठलं गाणं?"

मी ओठांचा चंबू केला. नुसतीच हवा आली.

"ते नाही आठवत गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, पट्टा ओढून लावला, आणि म्हणाली की निघू या, उद्या सामना आहे, रस्ते भरतील.